अँजिओग्राफीची तारीख येईपर्यंत

छातीत कळ येते. डॉक्टरांनी अँजायना असल्याचं सांगितलं, ईसीजी झाला, टू-डी इको झाला, गोळ्या सुरू झाल्या. पुढची पायरी अँजिओग्राफीची, आणि तिथे थांबावं लागतं. कुठे हृदयरोगतज्ज्ञ ठरावीक दिवशीच येतात, कुठे सरकारी योजनेच्या मंजुरीचे कागद अडकलेले असतात, तर कुणाची अँजिओग्राफी होऊन बायपासची तारीख लांबची लागलेली असते. कळा मात्र थांबत नाहीत. दिवसाआड येतात, कधी रोज. घरातल्यांना वाटतं, आता जे व्हायचं ते मोठ्या दवाखान्यात. तोवर जपून राहायचं आणि देवाचं नाव घ्यायचं. हा समज मला फार घातक वाटतो. या दिवसांत करण्यासारखं पुष्कळ आहे आणि त्यातलं बरंचसं घरी किंवा नेहमीच्या डॉक्टरांकडे होऊ शकतं. त्यासाठी कळ का येते हे आधी नीट समजून घ्यायला हवं.

आपण स्वस्थ बसलेले असतो तेव्हा शरीर एकंदरीत रक्तातला सुमारे पाव हिस्सा ऑक्सिजन वापरतं. हृदयाचा स्नायू मात्र त्याच्याकडे आलेल्या रक्तातला ७० ते ७५ टक्के ऑक्सिजन विश्रांतीतही काढून घेत असतो. म्हणजे हातावर पोट असलेल्या घरासारखी त्याची स्थिती. गाठीला शिल्लक जवळजवळ नाहीच. काम वाढलं की त्याला एकच उपाय उरतो, तो म्हणजे जास्त रक्त. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या निरोगी असतील तर त्या रुंदावतात आणि काम भागतं. धमनीचा व्यास चरबीच्या थरांनी साधारण ७० टक्के अरुंद झाला असेल तर बसल्याजागी पुरेसा असणारा पुरवठा जिना चढताना कमी पडतो. त्यात आणखी एक अडचण असते. डाव्या बाजूच्या मुख्य स्नायूला रक्त मिळतं ते बहुतेक दोन ठोक्यांच्या मधल्या, हृदय सैल पडतं त्या काळात. नाडी वाढली की हा मधला काळच आखडतो. गरज वाढते त्याच क्षणी रक्त घेण्याचा वेळ कमी होतो. थांबलं की नाडी उतरते, हिशेब जुळतो आणि कळ ओसरते.

लंडनचे डॉक्टर विल्यम हेबर्डन यांनी १७६८ साली या दुखण्याचं वर्णन केलं, तेव्हा ईसीजी नव्हता आणि धमन्यांचा संबंध कुणाला ठाऊक नव्हता. तरी त्यांनी नेमकं टिपलं होतं की चालताना, विशेषतः चढ चढताना आणि जेवणानंतर लगेच, ही कळ धरते आणि माणूस उभा राहिला की जाते. आजही निदानाचा पाया हाच आहे. कळ नसताना काढलेला ईसीजी अनेकांच्या बाबतीत अगदी व्यवस्थित येतो. म्हणून 'ईसीजी नॉर्मल आहे, काही नाही' असं ऐकून गप्प बसू नये. काय करताना काय होतं हे डॉक्टरांना सविस्तर सांगावं.

ही कळ टोचत नाही, आवळते. छाती भरून येते, कुणी वजन ठेवल्यासारखं वाटतं. विचारलं तर माणूस बोट दाखवत नाही, मूठ किंवा पंजा छातीच्या मधोमध ठेवतो. जबडा, घसा, डावा हात, दोन्ही खांदे, पाठ किंवा पोटाचा वरचा भाग, यांपैकी कुठेही ती जाऊ शकते. क्षणभर सुई टोचल्यासारखं होणं, दाबल्यावर दुखणं, कूस बदलल्यावर दुखणं, ही बहुधा अँजायनाची लक्षणं नसतात. मधुमेह असलेल्यांत, वयस्कर माणसांत आणि बायकांमध्ये मात्र कळ अस्पष्ट असू शकते. चार पावलांत धाप लागते, अंगातलं बळ गेल्यासारखं होतं, मळमळतं. आपल्याकडे या साऱ्याला 'गॅस' म्हणून ओवा चावला जातो, सोडा प्यायला जातो. एक खूण लक्षात ठेवावी: जे दुखणं चालल्यावर येतं आणि थांबल्यावर जातं, ते पित्ताचं समजू नये.

आता प्रत्यक्ष कळ आली की काय करायचं ते पायरी-पायरीने पाहू. पहिलं काम, हातातलं काम जिथल्या तिथे सोडायचं. 'एवढा जिना चढून मग बसतो' असं म्हणायचं नाही. बसायचं, उभं राहायचं नाही आणि आडवंही व्हायचं नाही. जिभेखालच्या गोळीने रक्तदाब उतरतो, उभा असलेला माणूस चक्कर येऊन पडू शकतो. आडवं झालं की पायांकडचं रक्त हृदयाकडे जास्त परततं आणि त्याचा भार वाढतो. खुर्चीत किंवा भिंतीला टेकून बसणं उत्तम. मग डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी जिभेखाली ठेवायची. आपल्याकडे ती बहुधा सॉर्बिट्रेटची ५ मिलिग्रॅमची असते, काहींना नायट्रोग्लिसरिनचा फवारा दिलेला असतो. तोंड कोरडं असेल तर आधी घोटभर पाण्याने ओलं करावं, पण गोळी पाण्याबरोबर गिळायची नाही. गिळलेलं औषध पोटातून यकृतात जातं, त्याचा मोठा भाग तिथेच नष्ट होतो आणि उरलेलं पोचायला वेळ लागतो. जिभेखालून ते थेट रक्तात जातं. फवाऱ्याचा गुण एक ते तीन मिनिटांत दिसू लागतो, गोळीला थोडा जास्त वेळ लागतो.

ही गोळी करते काय? ती मुख्यतः शिरा सैल करते. त्यामुळे हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं, हृदय कमी फुगतं आणि त्याच्या स्नायूवरचा ताण उतरतो. धमन्याही थोड्या रुंदावतात. डोक्यातल्या रक्तवाहिन्याही सैल पडतात म्हणून डोकं ठणकतं, चेहरा गरम होतो. हा त्रास अनेकांना होतो आणि त्याला घाबरून लोक गोळी घ्यायचं टाळतात. तसं करू नये. डोकेदुखी बहुधा काही दिवसांत सवयीने कमी होते, तोवर पॅरासिटामॉल चालतं का ते डॉक्टरांना विचारावं. लंडनमधल्याच डॉक्टर विल्यम मरेल यांनी १८७९ साली नायट्रोग्लिसरिनचा हा उपयोग 'लॅन्सेट'मध्ये मांडला. ते औषध शरीरात नायट्रिक ऑक्साइड मोकळं करतं हे कळायला पुढे जवळपास शंभर वर्षं लागली, आणि नायट्रिक ऑक्साइडवरच्या संशोधनाला १९९८ चं नोबेल मिळालं.

गोळी ठेवली की घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत कळ गेली तर थोडा वेळ बसून राहायचं आणि मग सावकाश उठायचं. पाच मिनिटांत काहीच फरक पडला नाही किंवा कळ वाढली, तर थांबायचं नाही. रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन लावायचा. फोन झाल्यावर, चक्कर येत नसेल आणि डॉक्टरांनी तसं सांगून ठेवलं असेल, तर पाच-पाच मिनिटांच्या अंतराने दुसरी आणि तिसरी गोळी. त्यापुढे नाही. ॲस्पिरिनची ॲलर्जी नसेल आणि कुठून रक्त जात नसेल तर ३०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन चावून खायचं. ७५ च्या गोळ्या घरात असतील तर चार. हे आधीच डॉक्टरांकडून कागदावर लिहून घेतलेलं बरं, म्हणजे रात्री दोन वाजता घरात वाद होत नाहीत. मोबाइलवर फिरणारा 'जोरजोरात खोकत राहा' हा सल्ला विसरून जा, त्याने घरी हार्ट अटॅक थांबत नाही.

या गोळीबद्दल दोन गोष्टी स्पष्ट सांगायलाच हव्यात. लैंगिक क्षमतेसाठीची सिल्डेनाफिलची गोळी घेतल्यापासून २४ तास आणि टाडालाफिलची घेतल्यापासून ४८ तास नायट्रेट घेता येत नाही. दोन्ही एकत्र आल्यास रक्तदाब जिवावर बेतेल इतका कोसळू शकतो. लाजेपायी हे कुणी डॉक्टरांना सांगत नाही. कृपा करून सांगा, त्यांना त्यात नवल वाटणार नाही. दुसरं, शेजाऱ्याच्या छातीत दुखलं म्हणून आपली सॉर्बिट्रेट त्याच्या जिभेखाली ठेवू नये. रक्तदाब आधीच उतरलेला असेल, महाधमनीची झडप आकसलेली असेल किंवा हृदयाच्या उजव्या बाजूला अटॅक आलेला असेल, तर तीच गोळी घात करते.

कळ येण्याआधीही ही गोळी घेता येते, हे मात्र थोड्यांनाच सांगितलेलं असतं. रोज तिसऱ्या मजल्यावर चढताना कळ येणार हे माहीत असेल तर चढण्याच्या पाच-दहा मिनिटं आधी गोळी ठेवून तो प्रसंग टाळता येतो. डॉक्टरांना तसं थेट विचारावं. गोळी खिशात हवी, बायकांनी बटव्यात ठेवावी, आणि मुदतीची तारीख अधूनमधून पाहावी. कपाटात कुलपाआड ठेवलेली गोळी असून नसल्यासारखी.

रोजच्या गोळ्यांविषयी मी थोडं सविस्तर लिहिणार आहे, कारण वाट पाहण्याचे दिवस सर्वांत जास्त वाया जातात ते इथे. मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल यांसारखी बीटा ब्लॉकर औषधं नाडी कमी करतात, म्हणजे हृदयाला रक्त घ्यायला मिळणारा मधला काळ वाढवतात. ॲम्लोडिपिनसारखी औषधं रक्तवाहिन्या सैल करतात. सुरुवात कमी मात्रेने होते आणि मग ती नाडी व रक्तदाब पाहत वाढवायची असते. पण पुढे अँजिओग्राफी ठरली आहे म्हटल्यावर, 'आता तिकडेच बघतील' म्हणून मात्रा वाढवण्याचं काम कुणीच करत नाही. रुग्ण पहिल्या दिवशीची अर्धी गोळी महिनोन्महिने घेत राहतो आणि कळा सोसत राहतो. बीटा ब्लॉकर सुरू असताना बसल्याजागी नाडी साधारण ५५ ते ६० असावी असं धरतात. तुमची ८५ पडत असेल आणि कळा रोज येत असतील, तर तज्ज्ञांच्या तारखेची वाट न पाहता नेहमीच्या डॉक्टरांकडे जा आणि मात्रा वाढवता येईल का, दुसरं औषध जोडता येईल का, हे विचारा. रॅनोलाझिन, निकोरँडिल, आयव्हाब्राडिन अशी पुढची औषधंही आहेत. कुणाला कोणतं चालेल ते डॉक्टरच ठरवतील. स्वतःहून मात्र काही बंद करायचं नाही. बीटा ब्लॉकर एकदम थांबवलं तर कळा उसळून येतात, अटॅकही येऊ शकतो. उपवासाच्या दिवशी गोळी चुकवणं हेही बंद करणंच आहे. ॲस्पिरिन आणि स्टॅटिनने कळ कमी झाल्याचं जाणवत नाही म्हणून ती बिनकामाची वाटतात, पण अटॅक टाळण्याचं मोठं काम तीच करतात.

दीर्घकाळ चालणाऱ्या नायट्रेटच्या गोळ्यांची एक खोड आहे. शरीरात ते औषध चोवीस तास राहिलं तर त्याचा गुणच उरत नाही. रोज काही तास शरीर त्याच्यापासून मोकळं राहावं लागतं, बहुधा रात्रीचे. म्हणून दिवसातून दोनदा घ्यायची साधी आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेट सकाळी आठला आणि दुपारी तीनच्या सुमाराला घेतात. चिठ्ठीवर दोन गोळ्या दिसल्या की हात सवयीने १-०-१ करतात, सकाळ आणि रात्र. औषध बरोबर, पैसे खर्च झालेले, आणि गुण नाही. आपली गोळी कोणत्या प्रकारची आहे आणि दुसरी मात्रा नेमकी किती वाजता घ्यायची, हे विचारून घ्यावं.

पूर्वी आठवड्यातून एकदा येणारी कळ आता रोज येऊ लागली, तर दरवेळी धमनीच जास्त अरुंद झाली असेल असं नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन घसरलं की तेवढंच रक्त कमी ऑक्सिजन आणतं. मूळव्याधीतून जाणारं रक्त, पाळीत जास्त जाणारं रक्त, ॲस्पिरिनने पोटात झालेला व्रण आणि त्यामुळे होणारी काळी शौच, ही त्याची कारणं असू शकतात. कधी थायरॉइड वाढलेलं असतं, ताप असतो, नाडी अनियमित झालेली असते, रक्तदाब चढलेला असतो. गुडघ्यासाठी दुकानातून आणलेली डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामकं रक्तदाब वाढवतात आणि हृदयाला धोक्याची असतात. सर्दीच्या काही गोळ्या नाडी व दाब चढवतात. तंबाखू, मशेरी, विडी हे तर आहेतच: निकोटिन नाडी वाढवतं आणि धूर रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद कमी करतो. हिमोग्लोबिन आणि थायरॉइडची तपासणी तालुक्याच्या ठिकाणी होते, तिच्यासाठी अँजिओग्राफीपर्यंत थांबायचं कारण नाही. पण कळांचं प्रमाण वाढलं ही गोष्ट डॉक्टरांना लगेच, त्याच दिवशी सांगायची. कारण कोणतं ते त्यांनी शोधायचं.

दिवसाची मांडणी थोडी बदलली तरी कळा कमी होतात. सकाळी शरीरातली उत्तेजक संप्रेरकं वाढलेली असतात, म्हणून उठल्यावर पाठोपाठ शौच, आंघोळ, पूजा आणि धावत बस गाठणं हा क्रम हृदयाला महाग पडतो. मध्ये बसावं. आंघोळ कोमट पाण्याने. कुंथावं लागू नये म्हणून इसबगोल किंवा डॉक्टरांनी दिलेलं औषध घ्यावं. भरलेली बादली उचलणं, हंडा नेणं, हात वर करून दोरीवर ओले कपडे वाळत घालणं, माळ्यावरचा डबा काढणं, या कामांत स्नायू ताणून धरले जातात आणि रक्तदाब झटकन चढतो. चालण्यापेक्षा यांनी कळ लवकर येते. घरच्यांनी ही कामं निमूटपणे आपल्याकडे घ्यावीत. विशेषतः घरातल्या बाईला अँजायना असतो तेव्हा 'तिला सवय आहे' म्हणून बादली तिच्याच हातात राहते, हे मनाला फार लागतं. थंडीत पहाटे बाहेर पडायचंच असेल तर नाकातोंडावरून मफलर हवा.

जेवण झाल्यावर पोटाकडे जास्त रक्त वळतं आणि हृदयाचं काम वाढतं. त्यामुळे भरपेट जेवून लगेच शतपावली घालणं अँजायनाच्या रुग्णाने सोडावं. थोडं थोडं, दिवसातून चार वेळा खावं आणि चालायचं ते जेवणानंतर तास-दीड तासाने किंवा जेवणाआधी. चालणं मात्र सोडू नये. हेबर्डनच्या एका रुग्णाने रोज अर्धा तास लाकूड करवतीने कापायचा नेम धरला आणि तो जवळजवळ बरा झाला, असं त्यांनी लिहून ठेवलं आहे. नियमित श्रमाने तेवढ्याच कामाला नाडी कमी वाढते. बऱ्याच जणांना चालण्याच्या सुरुवातीला कळ येते आणि थांबून परत चालल्यावर येत नाही. यावरूनच हळू सुरुवात करायची पद्धत ठरली आहे. सपाट रस्ता, सोबतीला माणूस, खिशात गोळी, आणि कळेच्या अलीकडेच थांबणं. कळा रोज येत असतील तर किती चालायचं ते आधी डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

या सगळ्याची नोंद ठेवा. वेगळी वही नको. कालनिर्णयच्या ज्या चौकोनात दुधाचा हिशेब लिहितात तिथेच लिहावं: किती वाजता, काय करताना, किती मिनिटं, किती गोळ्या. यातून दोन फायदे होतात. औषधाचा गुण येतो आहे की नाही ते दिसतं. आणि पुढची तारीख अलीकडे ओढायची असेल तर 'त्रास वाढलाय हो' या वाक्यापेक्षा, मागच्या महिन्यात जिना चढताना पाच वेळा आणि या महिन्यात सपाटीवर पंधरा वेळा, ही नोंद तज्ज्ञांना जास्त सांगते. रुग्णालयात फोन करून, शक्य असेल तर स्वतः जाऊन किंवा नेहमीच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन ही नोंद दाखवा. रांगेतला क्रम त्रासाच्या तीव्रतेवर ठरायला हवा आणि तीव्रता सांगितल्याशिवाय कुणाला कळत नाही.

काही बदल असे असतात की त्यांच्यापुढे तारखेची रांग संपते. बसल्याजागी किंवा झोपेत कळ येणं, वीस मिनिटांपेक्षा जास्त टिकणं, दोन-तीन दिवसांत झपाट्याने वाढणं, पूर्वी एका गोळीने जाणारी कळ आता न जाणं, सोबत दरदरून घाम, घेरी किंवा धाप असणं. हा अस्थिर अँजायना असू शकतो किंवा अटॅक सुरू झालेला असू शकतो. तेव्हा १०८ लावायचा; ही रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून मोफत आहे. स्वतः गाडी चालवत किंवा दुचाकीवर मागे बसून जायचं नाही. गाव आडबाजूला असेल तर रात्री ईसीजी कुठे निघतो, गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन कुठल्या रुग्णालयात मिळतं, कुणाची चारचाकी बोलावता येईल, हे आजच विचारून भिंतीवर लिहून ठेवा. अटॅकमध्ये त्या इंजेक्शनचा उपयोग जितका लवकर तितका जास्त, बारा तासांनंतर फारसा राहत नाही.

पैशांची आणि मंजुरीची बाजूही याच दिवसांत उरकावी. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी आणि बायपास बसतात. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र असतो. रेशनकार्ड आणि ओळखपत्रावरची नावं जुळतात का ते त्याच्याकडून आधीच तपासून घ्या, कारण अडकतं ते बहुधा तिथे. तातडीच्या वेळी आधी फोनवर मंजुरी घेऊन उपचार सुरू करण्याची आणि कागद नंतर देण्याची सोय योजनेत आहे, हे नातेवाइकांना माहीत हवं.

मनात एक भीती सतत असते: उशीर झाला तर? तिला धरून एक अभ्यास सांगण्यासारखा आहे. 'इस्केमिया' या मोठ्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले, स्थिर आजाराचे ५,१७९ रुग्ण होते. त्यांतल्या निम्म्यांची लवकर अँजिओग्राफी आणि गरजेप्रमाणे स्टेंट किंवा बायपास झालं, निम्म्यांना आधी केवळ औषधांवर ठेवलं. साधारण तीन वर्षांत मृत्यू आणि अटॅक यांच्या एकत्रित प्रमाणात ठळक फरक दिसला नाही. कळांपासून सुटका मात्र पहिल्या गटात जास्त झाली, आणि ज्यांना वारंवार कळा येत होत्या त्यांना सर्वांत जास्त. डाव्या मुख्य धमनीत मोठा अडथळा असलेले आणि औषधांनीही असह्य त्रास होणारे रुग्ण या चाचणीत घेतले नव्हते, हे विसरून चालणार नाही. पण स्थिर रुग्णाला नीट मात्रेच्या औषधांवर काही आठवडे थांबता येतं, असा धीर त्यातून नक्की मिळतो.

तारीख आली की सगळ्या गोळ्या, जुने ईसीजी आणि नोंदीची पानं एका पिशवीत घ्या. मधुमेहाची मेटफॉर्मिन, रक्त पातळ ठेवणारी वॉरफॅरिनसारखी गोळी, मूत्रपिंडाचा आजार, पूर्वी कुठल्या इंजेक्शनची आलेली ॲलर्जी, हे आधीच कळवा. अँजिओग्राफीत वापरलं जाणारं द्रव्य मूत्रपिंडातून बाहेर पडतं, म्हणून क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट मागतात. कोणती गोळी कधी थांबवायची हे तिथले डॉक्टरच सांगतील, ॲस्पिरिन आपल्या मनाने बंद करू नका. आणि भरती होताना शेवटची कळ कधी आली, किती वेळ टिकली, हे नर्सना आपणहून सांगा.